ठेसन धरून मार

परवा बाळूचा फोन आला. बाळू म्हणजे माझा चुलत भाऊ, माझ्याहून वर्षभरानं धाकटा. सोयाबीनचा भाव, त्याच्या बायकोची कंबर, आमच्या मंठ्याला पाऊस झाला का न्हाई, असं इकडचं तिकडचं सगळं झाल्यावर त्यानं हळूच विषय काढला. "अक्का, एक इचारायचं व्हतं. आमची पोरगी टेबलावर लई चांगली खेळून राह्यली. क्लास लावा म्हणती. तू सांग, पूलचा क्लास लावून खेळात काही फरक पडतो का? का उगं खर्चा?" मी फोन कानाला लावून तशीच उभी राहिले. गॅसवर दूध होतं, ते उतू गेलं, शेगडी विझली, वास सुटला, तरी मी उभीच. ह्या माणसानं मला हे विचारावं! साऱ्या जिल्ह्यात ह्याला दुसरं कोणी सापडलं न्हाई! "मागून सांगते," म्हणून फोन ठेवला आणि ओटा पुसायला घेतला. नवऱ्यानं विचारलं, "कोणाशी भांडलीस?" म्हटलं, "अजून न्हाई."

वय झालं की राग निवतो म्हणतात. कोणाचा निवत असेल तर असो बापडा. माझी पन्नाशी उलटून गेली, गुडघे कुरकुरायला लागले, नातू अंगाखांद्यावर खेळतो, आणि तरी ती गोष्ट आठवली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. म्हणून आता एकदाचं लिहूनच टाकते. कोणाला वाईट वाटलं तर वाटू द्या.

आम्ही मूळचे वडीगोद्रीचे. शेती बाळूच्या बापावर, म्हणजे धाकट्या भावावर सोपवून माझे वडील जालन्याला आले. त्यांना सगळे अण्णा म्हणायचे, आम्हीही अण्णाच म्हणायचो. नव्या जालन्यात ठेसनाच्या रस्त्याला एका बियाण्याच्या व्यापाऱ्याचं गोदाम होतं. त्याच्या वरचा मजला अण्णांनी भाड्यानं घेतला आणि कुठल्याशा बंद पडलेल्या क्लबाचं पूलचं, म्हणजे बिलियर्डसारख्या खेळाचं, टेबल आणून पुढच्या हॉलात मांडलं. दगडी पाटाचं, हिरव्या कापडाचं, हत्तीच्या पायासारखे पाय असलेलं. गावात त्याला पूल कोणीच म्हणत नसे. "टेबलावर चाललो," "टेबलावर भेटू," एवढंच. हॉलाच्या मागं आमच्या दोन खोल्या आणि मधे एक पडदा. पडद्याच्या अलीकडं माय भाकरी थापायची आणि पलीकडं बॉलवर बॉल आदळायचे. भाकरीची थापथाप आणि बॉलची टकटक हे दोन आवाज मी एकत्रच ऐकत मोठी झाले. खालून पोती टाकल्याचे धप्प आवाज यायचे, औषध लावलेल्या बियाण्याचा तिखट वास जिन्यावरून वर चढायचा, आणि गाडी आली की खिडकीच्या काचा थरथरायच्या. पडद्याआड लसूण सोलता सोलता मला नुसत्या आवाजावरून कळायचं, बॉल पॉकेटात गेला का काठाला लागून परतला.

मायच्या हातचे धपाटे आणि दही खायला अण्णांचे दोस्त मुद्दाम दुपारी यायचे. बाजारसमितीतले आडते, बियाण्याच्या कंपन्यांत कामाला असलेली पोरं, बँकेतले एकदोघं, रिक्षावाले. माय वाफाळलेल्या येसराच्या आमटीचं पातेलं पडद्याखालून सरकवायची, स्वतः कधी पडद्यापलीकडं गेली न्हाई. पण चहा मात्र दिवसभर तिच्याच हातचा. हॉलाला चहा घरातून जायचा, हा अण्णांचा मोठेपणा होता.

आता टेबलाचं सांगते, कारण सगळं रामायण त्याच्यामुळंच घडलं. ती इमारत काळ्या मातीवर उभी होती, आणि काळी माती कोणाला उभं राहू देती? ठेसनाच्या अंगानं पाया जरासा बसला होता. फार न्हाई. डोळ्याला दिसायचा न्हाई. जोरात मारलेला बॉल सरळ जायचा. पण हळू मारला की शेवटच्या वितीत तो अलगद ठेसनाच्या बाजूला झुकायचा. दुसऱ्या कोणी पायाखाली पाचर मारून मोकळं केलं असतं. आमच्या लोकांनी काय केलं? त्याचीच विद्या केली. "ठेसन धरून मार," असं म्हणायचे. म्हणजे बॉल ठेसनाकडं जाणार हे धरून नेम बोटभर अलीकडं घ्यायचा. नवा पोरगा आला की पहिल्यांदा त्याला हेच शिकवायचे, आणि ज्याला जमलं तो आपला. भायेरचा कोणी आला की मात्र त्याला हे कोणी सांगायचं न्हाई. त्याला खुर्ची द्यायची, चहा पाजायचा, पानसुपारी विचारायची आणि मंग खेळायला लावून हरवायचं. "पावण्याला आधी चहा, मंग हार," असं अण्णा मिशीत हसून म्हणायचे. औरंगाबादहून, नांदेडहून, कुठकुठून खेळणारे आले आणि हरून गेले. जालन्याच्या टेबलावर कोणी जिंकत न्हाई, असं चार जिल्ह्यांत नाव झालं होतं. त्या नावावर अण्णा जगत होते म्हणा ना.

मलाही ते अण्णांनीच शिकवलं. खोटं कशाला बोलू, फार मायेनं शिकवलं. मी पाटावर उभी, मागं अण्णा वाकलेले, माझ्या हातावर त्यांचा तंबाखूच्या वासाचा हात. "नंदे, ठेसन धरून मार." बॉल जायचा, झुकायचा आणि पॉकेटात पडायचा. अण्णा मला उचलून टेबलाभोवती एक फेरी मारायचे. दोस्त आले की, "बघा आमची पोरगी," म्हणून मला स्टिक द्यायचे. मी मोठी झाले, अंगावर ओढणी आली, आणि हे सगळं एका दिवशी बंद झालं. दुपारी पडद्यापलीकडं यायचं न्हाई. सकाळी हॉल उघडायच्या आधी खेळलं तर खेळ. मंग मी पहाटेची कामं आटपून एकटीच खेळत बसायची. माय म्हणायची, "काय ते ठकठक लावलंय सकाळच्या पारी?" पण कधी अडवलं न्हाई.

बारावीच्या परीक्षेनंतर सुट्टीत मी मामाकडं औरंगाबादला गेले. मामा तिथल्या एका जुन्या क्लबात हिशेबाच्या कामाला होता. तिथं सिद्दीकी सर शिकवायचे. बारीक अंगाचे, दाढी पांढरी, शर्टाची बाही कायम नीट दुमडलेली. मामानं मला त्यांच्यापुढं उभं केलं. मी वाकले, नेम धरला, आणि सर म्हणाले, "बेटा, बॉल इकडे आहे. तू कुठे मारतेस?" मी म्हटलं, "ठेसन धरून राह्यले, सर." ते माझ्याकडं बघतच राहिले. "कौनसा स्टेशन?" मी समजावून सांगायला लागले आणि सांगता सांगता मधेच थांबले. ह्या टेबलाला ठेसन न्हाई, हे माझं मलाच कळलं. मी एवढी मोठी घोडी, आणि मला वाटत होतं की बॉल शेवटी झुकतोच! जगातल्या सगळ्या टेबलांवर झुकतो! कोणीतरी सांगायला नको होतं का मला?

सरांनी मला पहिले काही दिवस खेळूच दिलं न्हाई. एकच बॉल, एकच पॉकेट, टेबलाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ. पाय कुठं ठेवायचा, डावा हात कापडावर कसा टेकवायचा, मान हलवायची न्हाई, स्टिक मागं नेली की एक श्वास थांबायचं, मंग पुढं सोडायची. मला वीट आला. हे काय शिकणं झालं? मी लहानपणीच घरी चार चार माणसांना हरवणारी आणि इथं बालवाडी. वर सर म्हणायचे, "हाताला जे माहीत आहे ते आधी विसरायला लागेल." आणि खरंच, माझा खेळ बिघडला. आधी बिघडला, हे मी आजही छातीठोकपणे सांगते. शिकवणीनं खेळ सुधारतो का म्हणून विचारणाऱ्यांना हे ऐकायचं नसतं. नेम धरला की हात आपोआप बोटभर अलीकडं जायचा, आणि डोळा म्हणायचा न्हाई, सरळ. हातात न् डोळ्यात भांडण. रडूच यायचं. आणि मंग सुट्टी संपत आली तेव्हा एक दिवस तो बॉल सरळ गेला. पुन्हा मारला, पुन्हा गेला. कुठंही मारला तरी मी म्हणेन तिथं जायला लागला. तोवर मी जिंकत होते ते त्या उताराच्या भरवशावर, आणि आता माझ्या हाताच्या भरवशावर. एवढा आनंद मला पुढं लग्नातसुद्धा झाला न्हाई, नवऱ्यानं वाचलं तर वाचू दे.

सुट्टीनंतर मी दर रविवारी पॅसेंजरनं जायला लागले. माय दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून द्यायची. अण्णांना त्यात काही वाईट दिसलं न्हाई. त्यांना हसायला एक विषय मिळाला. कारण घरच्या टेबलावर मी हरायला लागले होते. हात आता सरळ झालेला, टेबल वाकडं. सकाळी बाळूसोबत खेळायची. बाळू तेव्हा शिकायला म्हणून आमच्याकडंच राहायला आल्ता आणि कॉलेज सोडून दिवसभर टेबलावरच असायचा. तो मला धडाधड हरवायचा. अण्णा दात कोरत बघत राहायचे आणि दुपारी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचे, "आमच्या पोरीनं शिकवणी लावून चांगला हात घालवला. खेळ काय शिकवून येत असतो व्हय? मासोळीला पव्हायला कोण शिकवतं?" पडद्याआड मी पीठ मळत असायची. त्या पिठाला मी काय काय बुक्क्या मारल्यात ते पिठालाच ठाऊक.

मंग राज्याच्या निवड चाचण्या आल्या, पुण्याला. पोरांच्या वेगळ्या, पोरींच्या वेगळ्या. सर म्हणाले, तुला नेणार, तुझी निवड होईल. "होईल" म्हणाले, "होऊ शकते" न्हाई. आणि अण्णांना रीतसर विचारायला स्वतः जालन्याला आले. मी जिन्यात उभी राहून वाट बघत होते. आज माझं नशीब उघडणार, असं मला वाटलं होतं. काय वेडी होते मी!

पाहुण्याला आधी चहा. मायनं आलं घालून केला. सर बोलले, अदबीनं बोलले. मुलीचा हात चांगला आहे, मी स्वतः सोबत नेईन, मामा येतील, काळजी नको. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "सर, एवढं शिकवता तर आमच्या बाळूसंगं एक डाव व्हऊन जाऊ द्या." हॉल भरलेला. सगळ्यांच्या तोंडावर एकच हसू. मी पडद्याची कड धरून उभी. मला ओरडायचं होतं, सर, ठेसन धरा! पण बापाच्या चार दोस्तांपुढं पोरीनं तोंड उघडायची चाल नव्हती आमच्यात. सरांचा खेळ सगळा हळू, मऊ. बॉलला ढकलल्यासारखा न्हाई, सांगितल्यासारखा. म्हणजे त्या टेबलावर सगळ्यात वाईट. त्यांचा प्रत्येक बॉल पॉकेटाच्या तोंडाशी जाऊन ठेसनाकडं वळला. बाळूनं शेवटचा काळा आठ नंबर टाकून डाव जिंकला आणि हॉलात शिट्ट्या पडल्या. "शिकवणाराच हरला, मंग शिकवणी कशाची?" असं कोणीतरी ओरडलं. सरांनी बाळूचा हात हातात घेतला, म्हणाले, "माशाअल्ला, छान खेळतो मुलगा. पोरांच्या चाचणीला यालाही पाठवा, मी नाव देतो." आणि निघाले.

मी मागच्या दारानं धावत जाऊन त्यांना जिन्यात गाठलं. "सर, टेबल वाकडंय." "हां बेटा. दुसऱ्या शॉटलाच कळलं." "मंग बोलले का न्हाई?" सरांनी बाही नीट केली. "ज्याच्या घरचा चहा प्यायलो, त्याच्या घरात खोट काढायची? तुझे वालिद आहेत ते." तहजीब! माझं सगळं आयुष्य त्या तहजीबीखाली चिरडून सर जिना उतरून गेले. वाईट माणूस असता तर मी केव्हाच विसरले असते. ते चांगले होते, मला त्यांनी हात दिला, म्हणून तर राग जात न्हाई. एक वाक्य, सर. एवढ्या माणसांत तुमचंच वाक्य कोणीतरी ऐकलं असतं.

माझ्या डोक्यात सणक गेली. मी आले ती पडदा बाजूला सारून थेट हॉलात. पांढरा बॉल उचलला, टेबलाच्या मधोमध ठेवला आणि बोटानं जरासा लोटला. तो सुस्त चालला आणि सावकाश ठेसनाकडं वळला. "बघा!" मी म्हटलं. "टेबल वाकडंय! सर न्हाई हरले, टेबलानं हरवलंय त्यांना!" मला वाटलं, आता सगळे खजील होतील. सगळा हॉल खदखदून हसला. एक आडते म्हणाले, "अगं बाई, ते तं आमाला म्हाईतच हाय की!" दुसरा म्हणाला, "नाचता येईना अंगण वाकडं!" परत हशा. "नाचता येईना अंगण वाकडं, नंदाबाई!" अंगण वाकडं होतं हो! ढळढळीत वाकडं होतं, माझ्या बोटापुढं बॉल वळत होता, आणि ती म्हण माझ्याच तोंडावर फेकून मारत होते. अण्णा हसले न्हाईत. त्यांचं तोंड उतरलं होतं. मी त्यांचं टेबल चारचौघांत वाकडं म्हटलं होतं. "लई शिकलीस," ते म्हणाले. "ह्याच टेबलावर बाळूला हरव आणि जा पुण्याला." मी म्हटलं, "शब्द?" "शब्द. येत्या सोमवारी, सगळ्यांसमोर."

सोमवारी पहाटे अण्णा बाळूला घेऊन दूध आणायला गेले आणि माय माझ्याजवळ येऊन बसली. माय बोलायची कमी. तिनं विचारलं, "टेबल किती कललंय?" मी म्हटलं, "बोटभर." ती उठली. वडीगोद्रीहून आणलेली पहार दाराआड उभी असायची. मायनं माहेरी विहिरीचे दगड हलवलेत, बांधाच्या शिळा उलथल्यात, तिला टेबलाचं काय कौतुक! तिनं एक जाड फरशीचा तुकडा टेबलाजवळ ठेवला, त्यावर पहार टेकवली, टोक ठेसनाकडच्या कडेखाली घातलं आणि अंगाचा भार दिला. टेबल करकरलं. "सरकव!" कुदळीच्या दांड्याला ठोकायच्या बाभळीच्या पाचरी होत्या, त्या मी पायाखाली सरकवल्या. एक पाय, मंग दुसरा. मंग मायनं काय करावं? पितळी परात काठोकाठ पाणी भरून थेट त्या हिरव्या कापडावर ठेवली! अण्णांनी बघितलं असतं तर दोघींना खिडकीतून खाली टाकलं असतं. पाणी एका बाजूला चढलेलं दिसलं की माय म्हणायची, "अजून थोडं." शेवटी पाणी चहूकडून सारखं झालं. एक थेंब न सांडता तिनं परात उचलली आणि त्याच पाण्यानं कणीक भिजवली.

दुपारी हॉल गच्च. मी पहिल्यांदाच भर दुपारी पडद्यापलीकडं आले होते, ओढणी कमरेला बांधून. बाळूनं रचलेले बॉल फोडले, एक पॉकेटात पडला. मंग त्यानं आपला नेहमीचा हळू शॉट घेतला, ठेसन धरून. बॉल बोटभर अलीकडं जाऊन कडेला लागला. बाळूनं स्टिककडं बघितलं. चॉक लावला. माझी पाळी आली. मी पाय ठेवला, मान स्थिर, एक श्वास. सरळ. सरळ. सरळ. माझ्या हातात न् डोळ्यात आता भांडण नव्हतं. बाळूची परत पाळी, परत चूक. त्याच्या कपाळावर घाम. "काका, आज हातच चालंना," तो रडवेला होऊन म्हणाला. हॉलात कुजबूज सुरू झाली, कोणी म्हणालं नजर लागली, कोणी म्हणालं लिंबू उतरवा. मी काळा आठ नंबर सगळ्यात लांबच्या पॉकेटात, अगदी हळू, सरांसारखा सांगून टाकला. कोणी शिट्टी मारली न्हाई. अण्णा मात्र केव्हाचे टेबलाच्या पायांकडं बघत होते.

ते वाकले. पाचर दिसली. उठले तेव्हा त्यांचा चेहरा मी कधी बघितला नव्हता असा झाला होता. "बेईमानी," ते म्हणाले. "बापाशी बेईमानी." मी म्हटलं, "अण्णा, टेबल सरळ केलं, ही बेईमानी?" "घरचं टेबल घरच्या माणसाला न इचारता हलवलं. बेईमानी न्हाई तं काय? पुणं बंद. शिकवणी बंद." आणि हॉलातले सगळे शहाणे, ज्यांनी वर्षानुवर्षं पाव्हण्याला चहा पाजून फसवलं, ते सगळे माना डोलवत म्हणाले, "बराबर हाय. पोरीनं चुकीचंच केलं." तेव्हा पडदा हलला आणि माय बाहेर आली. पहिल्यांदा आली. "शब्द दिल्ता तुम्ही," ती म्हणाली. "पाचर मी मारलीय, तिनं न्हाई." अण्णा म्हणाले, "तू मधी बोलू नको." माय बरं म्हणाली. हातातलं चहाचं पातेलं तिनं तसंच आत नेलं आणि मोरीत ओतलं. त्या दिवसापासून आमच्या घरातून हॉलाला चहा गेला न्हाई, शेवटपर्यंत गेला न्हाई. खालच्या हॉटेलातून यायला लागला.

मामानं हात वर केले, "दाजींच्या घरचा मामला हाय," म्हणाला. सरांनी निरोप धाडला, पण नुसत्या निरोपानं अण्णा कुठं बधतात. मी पुण्याला गेले न्हाई. पण बाळू गेला. सरांनी नाव दिलं होतं ना, अदबीपोटी! अण्णांनी त्याला नवा शर्ट शिवला, दोस्त ठेसनावर सोडायला गेले, हार घातला. पाचरी काढून टेबल परत होतं तसं वाकडं केलं होतं आणि बाळूनं त्याच्यावर दिवसरात्र सराव केला होता, ठेसन धरून.

तो लवकरच परत आला. पहिल्याच फेरीत हरून. मी पडद्याआड मेथी निवडत होते. हॉलात सगळे जमले, अण्णांनी विचारलं, "काय झालं रे?" बाळूनं पिशवी खाली ठेवली आणि म्हणाला, "काका, तिथलं टेबलच वाकडं व्हतं."

मी मेथीची जुडी हातात धरून वाट बघत राहिले. आता कोणीतरी म्हणेल. आता ती म्हण कोणाला तरी आठवेल. एवढे जण बसलेत, एकाला तरी आठवेल. आडते म्हणाले, "पुण्याचे लोक असलेच." बँकेतला म्हणाला, "मुद्दाम करत्यात, भायेरच्याला हरवायला." अण्णांनी बाळूच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "असंच असणार. जाऊ दे. खालून चहा सांगा रे."

ही गोष्ट मी ज्याला ज्याला सांगितली तो हसला. माझी पोरं हसली, नवरा हसला. मला अजून हसू आलेलं न्हाई. अण्णा जाऊन बरीच वर्षं झाली, मायही गेली, हॉल आता बाळू चालवतो. जाताना अण्णांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, पण त्या दिवसाबद्दल शब्द काढला न्हाई, आणि मीही त्यांना माफ केलं असं खोटं बोलले न्हाई.

काल बाळूला फोन लावला. विचारलं, "टेबल अजून तसंच हाय का रे?" "तसंच हाय, अक्का. काकांची आठवण हाय, कोणाला हात लावू देत न्हाई." "आणि पोरगी?" "पोरगी एकदम बराबर ठेसन धरून मारती, काकांसारखी!" किती कौतुकानं म्हणाला. मी दात आवळून म्हटलं, "क्लास लाव. उद्याच लाव. आणि ऐक. थोड्या दिवसांनी ती तुझ्या टेबलावर हरायला लागंल. हरणारच. तेव्हा हॉलातला एक जरी माणूस तिच्यावर हसला, बाळू, तर मी मंठ्याहून येईन."

"येऊन काय करशील, अक्का?" तो हसत म्हणाला.

"मायची पहार माझ्याकडंच हाय," मी म्हटलं.